सेगावच्या तीन अटी



  आजच्या या व्याख्यानाचा विषय आहे माणसांचे स्थलांतर आणि छायाचित्रांतून होणारी त्याची नोंद.

हा विषय मांडावयास वर्ध्याहून अधिक उचित स्थळ मला सुचत नाही, आणि हे मी यजमानांच्या संतोषासाठी म्हणत नाही. आपण ज्या नगरात बसलो आहोत ते परमुलखाहून आलेल्या माणसांनीच भरले आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. पुलगावनजीक कवठा येथे त्याची कचेरी थोडका काळ राहिली. आणि १८६६ साली पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी सरळ, रुंद रस्ते आखून सरकारने जिल्ह्याचे नवे ठाणे वसविले. पुढल्याच वर्षी मुंबईकडून आलेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोहोचला, आणि अमेरिकेतील यादवी युद्धाने ज्या कापसास नुकतेच मोल आणून दिले होते त्या कापसामागोमाग सावकार, अडते, दलाल, जिनिंगचे मिस्त्री, हमाल आणि विणकर अशी नाना मुलुखांची माणसे या काळ्या मातीच्या खोऱ्यात उतरली. हिंगणघाटास व पुलगावास कापडगिरण्या निघाल्या, आणि त्यांच्या भोंग्यावर जगणारी वस्ती आसपासच्या खेड्यांतून उठून आली. सीकरजवळच्या काशी का बास या गावी १८८९ साली जन्मलेला एक मुलगा वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घराण्यात दत्तक आला, तो जमनालाल बजाज; आणि जमनालालजींच्या आग्रहामुळे १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले आणि १९३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस सेगावी राहावयास गेले. त्यांच्यामागे तमिळ देशातून कुमारप्पा आले, सिंहलद्वीपातून आर्यनायकम् आले. आणि गोव्यातील साखवाळ येथून निघून सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि अमेरिका एवढा प्रवास केलेले धर्मानंद कोसंबी १९४७ च्या जून महिन्यात येथेच, पुढे सेवाग्राम हे नाव मिळालेल्या या सेगावात, अन्नत्याग करून देह ठेवते झाले.

या सेगावात छायाचित्रणाच्या इतिहासातली एक घटना घडली, आणि मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ त्या घटनेत आहे. गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव कनु हे तरुण वयात आश्रमातील हिशेब आणि पत्रव्यवहार यांच्या कामात होते. त्यांना छायाचित्रे काढण्याची ओढ लागली. गांधीजींनी प्रारंभी अनुकूलता दर्शविली नाही, कारण त्या साधनासाठी पैसा कोठून आणावयाचा. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली, आणि गांधीजींनी संमती दिली ती तीन अटींवर. प्रकाशाचा कृत्रिम झोत टाकावयाचा नाही. छायाचित्रासाठी थांबा, वळा, असे बसा, असे कधी सांगावयाचे नाही. आणि या कामाचा खर्च आश्रमावर घालावयाचा नाही. कनु गांधींनी पुढली जवळजवळ बारा वर्षे या अटी पाळल्या. झोपडीच्या दारातून आणि झरोक्यातून येईल तेवढ्या उजेडात त्यांनी चित्रे घेतली. म्हणून त्यांतली काही अंधूक आहेत, काहींत गांधीजी पाठमोरे चालत आहेत, काहींत माणसांच्या गर्दीत त्यांचा खांदा तेवढा दिसतो. कुष्ठरोगामुळे घरादारास पारखे होऊन सेवाग्रामच्या आश्रयास आलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांच्या अंगास गांधीजी मालिश करीत आहेत हे जे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे ते कनु गांधींचेच. त्या चित्रात दोघांपैकी एकालाही कॅमेऱ्याचे भान नाही. १९४६-४७ च्या हिवाळ्यात नौखालीच्या जळालेल्या गावांतून गांधीजी पायी फिरले तेव्हाही हा कॅमेरा तिकडे होता. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी कनु गांधी दिल्लीस नव्हते, ते गांधीजींनी नेमून दिलेल्या कामावर नौखालीतच होते.

आता माझे म्हणणे मांडतो. या तीन अटी घालणारा पुरुष त्या काळी या देशातील सर्वांत अधिक छायाचित्रे निघालेला पुरुष होता. नकार देण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी होते, म्हणून तो अटी घालू शकला. परंतु डोक्यावर बोचके आणि काखेत मूल घेऊन जो पोटासाठी परमुलखास निघाला आहे, ज्याच्या मागे सावकार आहे आणि पुढे मुकादम आहे, तो कॅमेरेवाल्यास कोणती अट घालणार? त्याच्यापाशी नकार नाही. म्हणून समर्थ माणसाने स्वतःसाठी ज्या अटी मागून घेतल्या, त्याच अटी असमर्थ माणसाच्या वतीने छायाचित्रकाराने आपण होऊन स्वीकारल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. आणि त्यांत एका चौथ्या अटीची भर घातली पाहिजे असेही मला वाटते. ती चौथी अट कोणती हे यथाक्रम येईल. आधी, या अटी न पाळल्याने काय झाले ते पाहू.

स्थलांतरित गरिबाचे पहिले छायाचित्र बहुधा सरकारने काढविले. १८३४ पासून १९१० पर्यंत मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर नेण्यात आले. कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेलेल्यांबरोबर मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचे मराठी मजूरही त्यांत होते, आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आपणांस मराठी म्हणवितात व गणेशचतुर्थी थाटाने साजरी करतात. १८६७ साली तेथील सरकारने असा कायदा केला की कराराची मुदत पुरी झालेल्या प्रत्येक हिंदी मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना अहोरात्र जवळ बाळगावा. परवान्याचा आणि छायाचित्राचा खर्च त्या मजुराच्याच माथी होता; परवाना हरवला तर नव्यासाठी दंडासारखी भारी रक्कम भरावी लागे; आणि रस्त्यात शिपायाने मागितला असता तो दाखविता आला नाही तर भटक्या म्हणून अटक होई. १८७१ मध्ये आडॉल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या गृहस्थाने मजुरांची कैफियत लिहून काढली, तिच्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांनी सह्या-निशाण्या केल्या, आणि अखेर लंडनहून चौकशीसाठी शाही आयोग पाठवावा लागला. त्या छायाचित्रांकडे आज पाहावे. माणूस भिंतीपुढे उभा आहे. अंगावर असेल ते वस्त्र आहे. दृष्टी समोर आहे आणि तीत काहीही सांगण्याची इच्छा नाही, कारण कोणी काही विचारलेलेच नाही. मात्र इतिहासाची गती विलक्षण आहे. हीच चित्रे आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दफ्तरखान्यात जतन केलेली आहेत, आणि आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेत तेथे येणाऱ्या कुटुंबांस कित्येकदा ज्या कागदाने खापरपणजोबाचा पाय जखडला होता त्याच कागदावर त्याचा चेहरा प्रथम पाहावयास मिळतो. त्या दफ्तरात क्रमांक आहे, जहाजाचे नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे. जुलमाच्या हेतूने का होईना, सरकारी कारकुनाने नाव-गाव लिहून ठेवले म्हणून वंशजाला वाट सापडली, ही गोष्ट आपण पुढल्या विवेचनासाठी ध्यानात ठेवू.

गांधीजी स्वतः १९०१ मध्ये मॉरिशस बेटावर काही दिवस राहिले होते, आणि ट्रान्सवालमध्ये हिंदी रहिवाशांच्या दाही बोटांचे ठसे मागणाऱ्या कायद्याविरुद्ध त्यांनी जो लढा दिला त्यात १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर नोंदणीपत्रे जाहीर रीतीने जाळण्यात आली. परदेशी गेलेल्या माणसाची सरकारी नोंद म्हणजे काय याचा ज्याने असा अनुभव घेतला, त्याला कॅमेऱ्याच्या अधिकाराची मर्यादा सेगावी सुचावी हे मला स्वाभाविक वाटते. हे माझे अनुमान आहे, पण ते मला सोडवत नाही.

आपल्या देशातही हीच रीत होती. १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थान सरकारच्या पुढाकाराने लोकांच्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड लंडनला निघाले, आणि १९१६ साली आपल्या मध्यप्रांतासाठी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. हिरालालांची विद्वत्ता मोठी होती आणि तो ग्रंथ आजही उपयोगी आहे. तथापि त्यांतल्या चित्रांखाली जातीचे नाव असते, माणसाचे नसते. आणि जे सदैव फिरतीवर होते, ज्यांचे फिरणे हाच ज्यांचा संसार होता, त्यांच्यासाठी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा होता, त्याच्या १९११ च्या आवृत्तीत बोटांचे ठसे होते, पोलिसपाटलापुढे हजेरी होती. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आपल्या जिल्ह्यातील एखाद्या पारधी बेड्यावर आज कोणी कॅमेरा घेऊन गेला तर म्हातारी माणसे तोंड फिरवून पालात जातात, आणि हे त्यांचे अज्ञान आहे असे ज्याला वाटते त्याला त्या हजेरीचा इतिहास ठाऊक नाही असे मी म्हणेन.

सरकारी चित्रानंतर वर्तमानपत्री चित्राकडे वळू. गांधीजी सेगावास गेले त्याच्या अगोदरच्याच महिन्यात, मार्च १९३६ मध्ये, कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डॉरोथिया लँग या बाईंनी एका मातेचे चित्र घेतले. थंडीने पीक जळाले होते, काम बुडाले होते. आईच्या मांडीवर तान्हे, दोन्ही खांद्यांवर तोंड लपविलेली दोन मुले, आणि हनुवटीपाशी आलेला तिचा हात, एवढेच त्या चित्रात आहे. वर्तमानपत्रात हकिकत छापून येताच सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड अन्न पाठविले. ते पोहोचले तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढल्या कामाच्या शोधात निघून गेली होती. ते चित्र जगभर गेले, टपालाच्या तिकिटावर आले, पुस्तकांच्या वेष्टनांवर आले. मात्र लँगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा त्या म्हातारीने स्पष्ट सांगितले की ते चित्र काढलेच नसते तर बरे झाले असते, आपणांस त्यापासून कवडीही मिळाली नाही. लँगबाईंवर मला दोषारोप करावयाचा नाही. त्यांच्यासारखी करुणा आणि कष्टाळूपणा फार थोड्यांत असतो, आणि १९३९ साली पती पॉल टेलर यांच्यासमवेत त्यांनी जे पुस्तक काढले त्यात स्थलांतरितांचे शब्द त्यांच्याच तोंडचे म्हणून चित्रांशेजारी छापले आहेत. परंतु सर्वांत गाजलेल्या चित्राच्या वेळी नेमके नाव राहिले, आणि त्या एका राहून गेलेल्या गोष्टीने एका बाईला बेचाळीस वर्षे केवळ गरिबीचे चिन्ह करून ठेवले.

दुसरे उदाहरण आपल्या भूमीवरचे आहे आणि ते अधिक जिव्हारी लागणारे आहे. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ मध्ये गांधीजींचे चरख्यासह चित्र घेण्यासाठी आल्या. सचिवाने त्यांना विचारले, सूत कातता येते काय? येत नाही म्हटल्यावर, आधी शिका, मग चित्र काढा, असे सांगण्यात आले. आणि त्या बाई जमिनीवर बसून चरखा शिकल्या. तो गांधीजींचा मौनवार होता. झोतदिव्याचे तीनच बल्ब वापरण्यास परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरे चित्र साधले, आणि ते आज सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणजे समर्थ माणसापुढे जगातील नामांकित छायाचित्रकारही नियम पाळू शकतो, आणि नियम पाळल्याने त्याच्या कलेचे काही बिघडत नाही. पुढल्याच वर्षी फाळणी झाली, एक कोटीहून अधिक माणसे घरे सोडून निघाली, आणि याच बाई पंजाबात काफिल्यांबरोबर हिंडल्या. त्यांनी काढलेली चित्रे ३ नोव्हेंबर १९४७ च्या अंकात प्रसिद्ध झाली. खांद्यावर बायकोला घेऊन चाललेला वृद्ध शीख, बैलगाड्यांची क्षितिजापर्यंतची रांग, ही आपल्या इतिहासाची अमूल्य साधने आहेत आणि ती नसती तर त्या उत्पाताचे रूप पुढल्या पिढीस कळले नसते. परंतु त्यांच्यासोबत असलेल्या वार्ताहर स्त्रीने पुढे सांगितले की हवे तसे चित्र मिळावे म्हणून त्या थकल्याभागल्या माणसांना मागे जाऊन पुन्हा चालत यावयास सांगण्यात येई, आणि भयाने ग्रासलेली ती माणसे नाही म्हणू शकत नसत. दोन वर्षांच्या आत, एकाच व्यक्तीच्या हातून, गांधीजींपुढे चरखा शिकणे आणि निर्वासितांना पुन्हा चालावयास लावणे या दोन्ही गोष्टी घडल्या. माझ्या मते हा एका बाईच्या स्वभावाचा प्रश्न नाही. समोरच्या माणसापाशी नकार आहे की नाही, यावर कॅमेरा किती विनयाने वागेल हे ठरते. आणि म्हणूनच नकार नसलेल्याच्या बाजूने नियम आधीच बांधलेला असावा लागतो.

त्याच काळात आँरी कार्तिए-ब्रेसों कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत होते. तेथे त्यांनी घेतलेले एक चित्र मला फार मोलाचे वाटते: सुस्ती आणि खिन्नता जावी म्हणून छावणीतील माणसे हात वर करून व्यायामासारखे नाचत आहेत. दुःखाच्या चित्रात माणूस केवळ दुःखी दाखवावा लागत नाही हे त्यांनी ओळखले होते. आणि आपल्या पवनारहून विनोबा १९४८ च्या मार्चअखेर निर्वासितांच्या सेवेसाठी उत्तरेस गेले, मेव लोकांच्या पुनर्वसनात त्यांनी अनेक महिने घालविले, हेही या जिल्ह्याच्या स्थलांतरकथेतील एक प्रकरण आहे. पुढे पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात राहून गौतम बजाज यांनी विनोबांची छायाचित्रे घेतली. म्हणजे कनु गांधींचा वारसा पाच मैलांवर दुसऱ्या आश्रमात चालू राहिला.

सेबास्तियाओ सालगादो या ब्राझीलच्या छायाचित्रकाराविषयी थोडक्यात बोलतो, कारण या विषयावर त्यांचे नाव टाळता येत नाही. अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने विसाव्या शतकाच्या शेवटल्या दशकात कित्येक देश पालथे घालून स्थलांतरितांचा प्रचंड चित्रसंग्रह २००० साली प्रकाशित केला; मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरील माणसांच्या प्रवाहाचे त्यांचे १९९५ चे चित्र अनेकांनी पाहिले असेल. ही चित्रे फार सुंदर आहेत, दुःखाला न शोभण्याइतकी सुंदर आहेत, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो मला तितकासा पटत नाही; गरिबाचे चित्र कुरूप काढण्यात कोणते पुण्य आहे? परंतु सुसान सोंटाग यांनी २००३ मध्ये नोंदविलेला दुसरा आक्षेप मला निरुत्तर करतो: नामवंतांच्या चित्राखाली नाव येते आणि दुर्बलाच्या चित्राखाली देशाचे किंवा धंद्याचे नाव येते, म्हणजे माणूस आपल्या आपत्तीचा नमुना होऊन उरतो.

यावरून माझी चौथी अट आपण ओळखली असेल. चित्रातील माणसाचे नाव, त्याचे गाव, तो कोठून कोठे आणि कशासाठी चालला आहे हे त्याच्या शब्दांत, आणि तारीख, एवढे चित्राबरोबर लिहिले गेले पाहिजे. नाव उघड होऊ नये अशी त्याची इच्छा असेल तर ते झाकून ठेवावे, पण विचारल्यावाचून राहू नये. या वाटेने चालणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांबरोबर दीर्घकाळ राहिले. खेड्यांतून मुंबईस आलेल्या दलित कुटुंबांची ती दुनिया त्यांनी रात्रपाळीसह, गटारासह, घरातल्या लग्नकार्यासह चित्रित केली, आणि त्या कामगारांना न्याय मिळावा हा हेतू त्यांनी कधी लपविला नाही. पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने २०१४ च्या डिसेंबरात ग्रामीण भारताचे जे संग्रहालय सुरू झाले त्यात मजुराच्या चित्राखाली मजुराचे नाव आणि गाव यथास्थित असते. एवढी साधी रीत रूढ व्हावयास दीडशे वर्षे लागावीत याचा मला खेद होतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादकडून उत्तरेस निघालेले मजूर नागपूरच्या महामार्गाने, वडनेर, हिंगणघाट, जाम यांवरून, उन्हातान्हांत पायी गेले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडनजीक रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले आणि रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे चित्र घरोघर पोहोचले. जामच्या चौरस्त्यावर ज्यांनी त्या माणसांना पाणी दिले, चपला दिल्या, भोजन घातले, त्यांपैकी कित्येकांनी मोबाइलवर चित्रेही घेतली असतील. ती चित्रे आज कोठे आहेत? दूरध्वनी बदलला की ती नाहीशी होतात. आणि त्या मजुरांनी स्वतः वाटेत काढलेली, घरच्यांना खुशाली कळावी म्हणून धाडलेली चित्रे तर त्याहून मोलाची, कारण येथे चालणाऱ्याच्याच हाती कॅमेरा होता. ती गोळा करावीत असे कोणत्याही कचेरीस वाटले नाही.

या मोठ्या संकटावाचूनही येथे दरसाल स्थलांतर घडते आणि ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की दिसतच नाही. मेळघाटातून आणि त्यापलीकडच्या मध्यप्रदेशातून कोरकू व इतर आदिवासी कुटुंबे कापूस वेचावयास, हरभरा-गहू सोंगावयास सपाटीवर उतरतात आणि शेताच्या धुऱ्यावर बिऱ्हाड मांडतात. आपल्या पूर्वेकडील जिल्ह्यांतली माणसे मिरची तोडावयास तेलंगणात जातात. कच्छ-काठेवाडातले रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन पिढ्यान्पिढ्या विदर्भात फिरत आहेत. पावसाळ्यानंतर मोकळ्या रानात त्यांचे डेरे पडतात, आणि शेतकरी खतासाठी मेंढ्या आपल्या वावरात बसवून घेतो. आर्वीकडे निम्न वर्धा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातून उठलेल्या गावांचे जुने पार, देवळे, घरे यांची चित्रे कोणाकडे असतील तर ती त्या गावकऱ्यांच्या पेट्यांत असतील. गिरण्यांच्या चाळींतून पांगलेल्या कुटुंबांचेही तेच. आणि पुण्यास, हैदराबादेस, परदेशी गेलेली आपल्याच घरची मुले यांना मी या यादीतून वगळत नाही.

मजुराच्या बिऱ्हाडात छायाचित्र असते ते बहुधा रोजगार हमीच्या जॉबकार्डावर किंवा आधारपत्रावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. अजूनही गरिबाचा छायाचित्रकार सरकारच आहे. दुसरा छायाचित्रकार होता तो तालुक्याच्या गावचा स्टुडिओवाला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील जुन्या स्टुडिओंत नोकरीसाठी, लग्नासाठी, परगावी जाण्यापूर्वीची आठवण म्हणून काढलेल्या चित्रांच्या निगेटिव्ह खोक्यांत भरून पडलेल्या आहेत. रोजच्या पावत्यांच्या वह्यांत गिऱ्हाइकाचे नाव आणि गाव लिहिलेले असते. स्टुडिओ बंद होतो, वारस खोकी रद्दीत घालतो, आणि आपल्या जिल्ह्याचा मॉरिशसच्या दफ्तराइतका मोलाचा, आणि त्याहून स्वेच्छेने दिलेला, दस्तऐवज नष्ट होतो. विदर्भाचा उन्हाळा फिल्मला मारक आहे आणि पावसाळ्यातली ओल त्याहून मारक आहे. त्या खोक्यांना कोरडी, थंड खोली मिळावी आणि वह्या चित्रांपासून वेगळ्या होऊ नयेत, एवढी तजवीज एखाद्या महाविद्यालयास किंवा नगर वाचनालयास अशक्य नाही.

आपल्या तरुणांना माझी एक विनंती आहे आणि ती तातडीची आहे. दिवाळी झाली की कोरकू मजूर येऊ लागतील. ज्यांना कॅमेऱ्याची हौस आहे त्यांनी एकेक गाव वाटून घ्यावे. पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा आणि सोबत बसावे, जमल्यास दोन ओळी कापूस वेचून पाहावा. बर्क-व्हाइटबाई चरखा शिकल्या तसेच हे आहे. मग सेगावच्या तीन अटींनी चित्रे काढावीत आणि तिसरीचा अर्थ असा घ्यावा की त्या माणसांच्या दैन्यावर आपला चरितार्थ किंवा लौकिक उभारावयाचा नाही. नाव, गाव, कुटुंबातली माणसे, मुकादमाने किती उचल दिली, लेकरू शाळेत होते की नाही, हे त्यांच्या सांगण्याप्रमाणे वहीत लिहावे, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. एखादी बाई हे चित्र नको म्हणाली तर तिच्यादेखत ते पुसावे. कोरकूंची होळी मोठी असते आणि होळीस ते काहीही करून घरी जातात. त्यांची गाडी सुटण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या हाती त्यांच्या चित्राची कागदावर छापलेली, मागे नावे लिहिलेली एक प्रत पडली पाहिजे, आणि प्रदर्शन भरवावयाचे असेल तर ते त्यानंतर भरवावे.